चपलांपाशी कोण बसणार

बालीला जायचं ठरलं तेव्हा उज्वलाने एकच अट घातली. "या वेळी मी चपला सांभाळणार नाही."

मी "बरं" म्हणून पेपर वाचत राहिलो. अट इतकी साधी होती की तिच्यामागे काही असेल असं मला वाटलं नाही. पण समुद्रावर गेलेला आपल्याकडचा कुठलाही घोळका आठवून बघा. सगळे पाण्यात किंचाळत असतात आणि मागे वाळूवर एक बाई बसलेली असते. तिच्यापुढे चपलांचा ढीग असतो, मांडीवर पर्सा असतात, आणि कुणाच्या तरी कवळीची डबी तिने उन्हाला पाठ करून धरलेली असते. या बाईची नेमणूक कोणी करत नाही. लोक तिच्यासमोर चपला काढतात, "बसताय ना?" असं विचारतात आणि ती उत्तर देईपर्यंत लाटेत पोचलेले असतात. आमच्या ग्रुपात ही बाई म्हणजे उज्वला. गणपतीपुळ्यापासून पुरीपर्यंत देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर ती बसून आलेली आहे आणि एकाही ठिकाणी तिचं पाऊल ओलं झालेलं नाही.

या वेळी मात्र तिने नाशिकच्या मेन रोडवर जाऊन समुद्रात घालायचा एक गडद निळा ड्रेस आणला. भिजल्यावर तो कसा दिसतो हे बघायला बाथरूममध्ये अंगावर बादली ओतून घेतली, आरशासमोर उभी राहिली आणि मग तो वाळवून, इस्त्री करून बॅगेत सगळ्यात वर ठेवला. मी विचारलं, "समुद्रात जायच्या ड्रेसला इस्त्री?" तिने बॅगेची चेन ओढून घेतली.

आता ग्रुपाबद्दल. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीची एक निर्माल्य संकलन समिती आहे आणि मी, रंगनाथ काकड, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, तिचा संस्थापक-अध्यक्ष आहे. विसर्जनाच्या दिवशी गोदाघाटावर हिरवं जाकीट घालून, शिट्टी वाजवून लोकांच्या हातातले हार काढून घेणारा जो गृहस्थ आहे तो मी. लोक मला शिव्या देतात, पण मी नदीत हार जाऊ देत नाही. उपाध्यक्ष खंडेराव. हे मूळ सिन्नरचे, तिथेच त्यांचं पत्र्याचे डबे बनवायचं वर्कशॉप आहे. त्यांच्या पत्नी सरुबाई. बाकीचे सदस्य आपापल्या पत्नींचं ऐकून मत देणारे असल्यामुळे त्यांची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. वर्षभर निर्माल्य गोळा केल्यावर आपणही थोडं बाहेर पडावं असं ठरलं आणि सदस्यांपैकीच एकाचा पुतण्या दीपक सहली नेतो म्हणून सहल त्याच्याकडे दिली.

परदेशी जायचं म्हणजे पासपोर्ट आला, आणि पासपोर्ट म्हटला की पोलीस चौकशी आली. हवालदार घरी आले. त्यांना माझ्या चारित्र्याबद्दल शेजाऱ्यांचं मत हवं होतं. मी मोठ्या विश्वासाने समोरच्या दारातून खंडेरावांना बोलावलं. हवालदारांनी विचारलं, "यांना ओळखता का? माणूस कसा आहे?" त्यावर खंडेराव विचारात पडले. ते इतका वेळ विचारात पडले की हवालदारांनी पेनचं टोपण परत लावलं. शेवटी म्हणाले, "तसा चांगला हाय. पण शिट्टी लय वाजवतो." या उत्तरावर मला पासपोर्ट मिळाला हे आपल्या व्यवस्थेचं मोठेपण आहे.

सल्ल्यांचा पूर तर पासपोर्टच्या आधीपासून चालू होता. तिसऱ्या मजल्यावरच्या योगिनीताई बालीला जाऊन आलेल्या. त्यांनी सांगितलं की तिथली माकडं चष्मे पळवतात, म्हणून चष्मा दोरीने बांधा. घोटीचे माझे साडू पुंजाभाऊ स्वतः भात पिकवतात. ते म्हणाले की परदेशातला भात गिळवत नाही, आणि त्यांनी घरच्या इंद्रायणी तांदळाची पिशवीच आणून दिली. बाली हे भाताचंच बेट आहे, तिथे तांदूळ नेणं म्हणजे गोदावरीत तांब्याने पाणी घालण्यासारखं आहे, असं मी त्यांना समजावून पाहिलं. "पण आपल्या घोटीचा वास नाय त्याला," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. तिकडच्या विमानतळावर साहेबाने पिशवी उघडली, तांदूळ तळहातावर चोळला, वास घेतला आणि का कोण जाणे, हसून परत दिला. मी माझं हिरवं जाकीट, शिट्टी आणि समितीच्या कापडी पिशव्या बरोबर घेतल्या होत्या. त्याकडे मात्र तो बराच वेळ बघत होता.

दीपकने आम्हाला समुद्राजवळच्या एका गावात, घरगुती राहायच्या जागी उतरवलं. अंगणात चाफा, जास्वंद, कोपऱ्याकोपऱ्यात दगडी देव्हारे, असं छान होतं. रात्रीच त्याने कार्यक्रम सांगितला. समुद्र पहिल्याच दिवशी, नाश्ता झाल्यावर. नंतर सगळं डोंगर, देवळं, ज्वालामुखी आणि परत. समुद्राचा असा तो एकच दिवस होता. उज्वलाने तो कार्यक्रम शांतपणे ऐकून घेतला आणि निळा ड्रेस खुर्चीवर काढून ठेवला.

"काकडसाहेब, घड्याळं पुढं करा सगळी," खंडेराव म्हणाले.

मी केलं नाही. पाच-सहा दिवसांसाठी माणसाने घड्याळ बदलायचं, मग नाशिकला येऊन परत बदलायचं, या दगदगीत घड्याळ खराब होतं असं माझं मत आहे. ते मी तिथे मांडलं आणि समितीच्या सदस्यांना ते पटलं. पटलं म्हणजे त्यांना झोप आली होती.

सकाळी नेहमीप्रमाणे पाचला उठलो. बाहेर लख्ख ऊन होतं. बाली पूर्वेला आहे, तिकडे ऊन लवकर पडत असणार, असा मी हिशेब केला आणि फिरायला बाहेर पडलो. आणि गल्लीत जे दिसलं त्याने मी जागीच थांबलो.

रस्त्यावर, दारासमोर, दुकानांच्या पायऱ्यांवर, उभ्या स्कूटरच्या सीटवरसुद्धा नारळाच्या पातीच्या चिमुकल्या टोपल्या पडल्या होत्या. त्यात फुलं, भाताची शितं, एखादं बिस्कीट, वर उदबत्ती. लोक त्यांच्या कडेकडेने चालले होते. एका टोपलीवरून तर माझ्या डोळ्यांदेखत स्कूटर गेली. देवाची फुलं पायदळी! ज्या माणसाने गोदाघाटावर एका झेंडूसाठी ढोलपथकाशी भांडण केलं आहे त्याला हे बघवणं शक्य नव्हतं. इतक्या पहाटे कुणी पूजा केली असेल हे अशक्य, म्हणजे हे सगळं कालचं निर्माल्य, आणि इथे ते उचलायची काही सोयच नाही. मला या लोकांची दया आली. आत जाऊन मी जाकीट चढवलं आणि शिट्टी वाजवली.

समिती शिट्टीला सवयीने उठते. डोळे चोळत सगळे पिशव्या घेऊन बाहेर आले. दोघादोघांच्या जोड्या केल्या, डावी बाजू, उजवी बाजू वाटून दिली. खंडेराव एक टोपली उचलून नाकाशी धरून म्हणाले, "साहेब, कालची उदबत्ती अजून जळती हाय! याला म्हणायची क्वालिटी."

सरुबाईंना मात्र काहीतरी खटकत होतं. "भाऊ, फुलं तर ताजी हायेत."

"दमट हवा आहे. टिकतात," मी म्हणालो.

"भातावर वाफ बी हाय."

"हवाच तशी आहे, सरुबाई."

उज्वला निळा ड्रेस घालून दारात आली. "अहो, समुद्र?"

"अर्ध्या तासात. एवढी गल्ली करू." ती परत आत गेली नाही, पिशवीही घेतली नाही. नुसती उभी राहिली. आम्ही मात्र जोरात होतो. गल्ली झाली, मोठा रस्ता झाला, सीटवरचं उचललं, देव्हाऱ्यांच्या पायऱ्या साफ केल्या. पिशव्या फुगल्या. परदेशात समितीचं हे पहिलंच काम, म्हणून मी सगळ्यांचा पिशव्यांसकट एक फोटोही काढून घेतला. पुढे त्या फोटोचा उपयोग पुरावा म्हणूनच झाला.

दीपक बनियनवरच धावत आला. "काका! हे काय केलंत? अहो, आत्ता साडेआठ वाजलेत इथे!" माझ्या घड्याळात सहा वाजले होते.

त्याच्यामागे गावातल्या बाया होत्या. कमरेला रंगीत पट्टे बांधलेले, हातात रिकामी ताटं. कोणी ओरडत नव्हतं. त्या फक्त आमच्या पिशव्यांकडे बघत होत्या आणि आमच्याकडे बघून कसंबसं हसत होत्या. नाशिकला लोक सरळ शिव्या देतात, त्यामुळे माणसाला आपली बाजू मांडता येते. इथे काय मांडणार?

आमचा तिथला गाइड वायन हा तरणा माणूस, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. त्याने सांगितलं त्याचा अर्थ असा होता, की त्या दिवशी त्यांचा मोठा वार होता आणि बायांनी अंधारात उठून हे सगळं बनवलं होतं. उदबत्ती विझली की त्या टोपलीचं काम संपलं. मग त्यावरून कुत्रं गेलं काय नि स्कूटर गेली काय, कोणी काही म्हणत नाही. "पण जळत होती ना?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी खंडेरावांकडे पाहिलं.

"आणि जी जमिनीवर ठेवतो," वायन पुढे म्हणाला, "ती देवांची नाही. खालच्यांची. भूत वगैरे. त्यांचं पोट भरलं की ते दिवसभर त्रास देत नाहीत."

"म्हंजी आपण भुतांचा नाश्ता उचलला?" खंडेराव म्हणाले.

सरुबाईंनी हातातली पिशवी एकदम खाली सोडली. "उतारा! अगं बया, उतारा उचलला तुमी!" आमच्याकडे तिठ्यावर कुणी लिंबू-भात ठेवला तर माणसं रस्ता सोडून जातात, त्याला कोणी बोट लावत नाही. आणि इथे नाशिकच्या जबाबदार नागरिकांनी एका अख्ख्या गावाचा उतारा पिशव्यांत भरून, वर त्याच्यासोबत फोटो काढला होता. समितीत एकदम पांगापांग झाली. कुणी हात धुवायला गेलं, कुणी पाय धुवायला गेलं.

तेवढ्यात गावचे प्रमुख आले. डोक्याला पांढरं फडकं बांधलेले, म्हातारे, अतिशय सभ्य. मी पुढे होऊन हा समितीचा सामुदायिक निर्णय असल्याचं सांगितलं.

"सामुदायिक कसला? शिट्टी कोणी वाजवली?" खंडेराव मागून म्हणाले. हेच ते खंडेराव, ज्यांना माझं चारित्र्य सांगायला वेळ लागला होता. आता मात्र एका क्षणात सांगून मोकळे झाले.

प्रमुखांनी शिक्षा, दंड असलं काही काढलं नाही. ते वायनकरवी एवढंच म्हणाले, की उचललेलं परत ठेवत नाहीत, बाया नवीन करायला बसताहेत, ज्यांनी उचलायला सांगितलं त्यांनी जरा हात लावला तर बरं. झालं. समितीने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकमताने ठराव केला की अध्यक्षांनी थांबावं आणि बाकीच्यांनी समुद्रावर जावं. बस उभीच होती.

"काका एकटे कसे राहतील?" दीपक म्हणाला. "काकू थांबतील ना?"

"हो, वहिनी थांबतील की," दोघं-तिघं एकदम म्हणाले आणि बसमध्ये चढलेसुद्धा.

मी उज्वलाकडे पाहिलं. तिने खांद्यावरची पर्स काढून ओट्यावर ठेवली होती आणि ओटा हाताने झाडून ती बसायला जागा करत होती. ड्रेसची इस्त्री तशीच होती. मला वाईट वाटलं. स्वतःसाठी ते मघापासूनच वाटत होतं, आता तिच्यासाठी वाटलं, आणि ते जास्त होतं.

"तू जा," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"मला काय होतंय? मी सांभाळेन माझं मला."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कधी स्वतःचं काही सांभाळलं आहे का हे ती आठवून बघते आहे. मग बसचा हॉर्न वाजला आणि ती गेली.

नंतरच्या वेळाबद्दल मला फार बोलायचं नाही. ओट्यावर बायांच्या रांगेत मला बसवलं. घरमालकीण म्हातारी होती, तिला सगळे इबू म्हणत. इबू म्हणजे आई. तिने माझ्यापुढे नारळाची पात आणि बांबूच्या काड्या ठेवल्या. मी कालव्यांचे नकाशे काढलेला माणूस, ही टोपली म्हणजे साधा चौकोन. माझा चौकोन झाला की इबू तो हातात घ्यायची, सगळ्यांना दाखवायची, पात सोडवून परत माझ्यापुढे ठेवायची. बाया खाली मान घालून हसायच्या. काही वेळाने माझ्याकडून टोपल्या काढून घेतल्या आणि फुलं वेगळी करायला दिली. तिथूनही काढून मला शितं ठेवायच्या कामावर नेमलं. खात्यात अशी उलटी बढती मी फक्त ऐकली होती.

भात संपला तेव्हा मला घोटीची पिशवी आठवली. मी ती आणून दिली. इबूने तांदळाचा वास घेतला, शेजारणीला दिला, शेजारणीने पुढे दिला. पिशवी सगळ्या ओट्यावर फिरून आली आणि चुलीवर चढली. त्या दिवशी त्या गावच्या सगळ्या भुतांना इंद्रायणी मिळाला. पुंजाभाऊंना हे अजून सांगितलेलं नाही, ते फार फुशारतील.

दुपार कलल्यावर इबूने माझ्या जाकिटावरून कमरेला पट्टा बांधला, हातात ताट दिलं आणि चल म्हणाली. दारं झाली, दुकानं झाली, स्कूटर झाल्या. शेवटी राहिला समुद्र.

आमचे सगळे पाण्यात होते. खंडेराव छातीइतक्या पाण्यात जाऊन सिन्नरला ऐकू जाईल असं ओरडत होते. सरुबाई लुगडं खोचून लाटांना शिव्या देत होत्या. आणि अलीकडे वाळूत, चपलांच्या ढिगापाशी, मांडीवर पर्सा घेऊन उज्वला बसली होती.

मी ताट घेऊन तसाच उभा राहिलो. निळा ड्रेस कोरडा ठणठणीत होता, बाहीवरची इस्त्रीची रेघसुद्धा मोडली नव्हती.

"हे काय?"

"उतरल्या उतरल्या सगळ्यांनी माझ्यापुढे काढल्या," ती म्हणाली. "मी काही बोलायच्या आत गेले."

मला राग आला, पण कोणावर काढावा ते कळेना. मी बरोबर असतो तर माझ्याही चपला त्याच ढिगात असत्या, आणि अध्यक्ष म्हणून वरच असत्या. मी ताट इबूकडे दिलं आणि उज्वलाला म्हणालो, "ऊठ. आता मी बसतो."

"जमेल तुम्हाला?"

"ऊठ गं."

ती उठली, पण चार्ज दिल्याशिवाय गेली नाही. ही सरुबाईंच्या बांगड्यांची पुरचुंडी, हा दीपकचा चष्मा, ही कवळीची डबी, ती सावलीतच धरायची. मी पर्सा एकेक करून गळ्यात अडकवल्या. मग तिने स्वतःच्या चपला काढल्या, नेहमीसारख्या जोडून ढिगाच्या बाजूला ठेवल्या आणि चालू लागली. पाण्याच्या कडेला एकदा थांबली. मला वाटलं मागे वळून बघेल, कुठल्या तरी पर्सेबद्दल काही राहिलं असेल. पण ती आत गेली. घोट्याइतकी, गुडघ्याइतकी, मग कमरेइतकी.

इबू माझ्याजवळ आली. चपलांपासून हातभर अंतरावर वाळू सारखी करून तिने शेवटची टोपली ठेवली, उदबत्ती लावली, पाणी शिंपडलं. जाताना बोट हलवून मला बजावलं. भाषेची गरज नव्हती. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.

भरती सुरू झाली आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एक लांबलचक लाट वाळूवरून सरपटत आली ती थेट माझ्या अंगावर. पुढे एका बाजूला समितीच्या चपला, दुसऱ्या बाजूला जळती उदबत्ती. विचार करायला वेळ नव्हता. हात तर लावायचा नव्हता, म्हणून मी गळ्यातल्या पर्सांसकट टोपलीपुढे आडवा झालो. लाट माझ्या पाठीवर फुटली आणि परत फिरली. मी मान वळवून पाहिलं. टोपली जागच्या जागी होती. उदबत्ती जळत होती. चपला मात्र निघाल्या होत्या.

"साहेब! चपला!" खंडेराव पाण्यात हात वर करून ओरडले. त्यांच्या नव्या कोऱ्या सँडल सगळ्यांच्या पुढे होत्या. दीपक एका बाजूने धावला, खंडेराव दुसऱ्या बाजूने, आणि समितीत एकच पळापळ उडाली. माझा हात सवयीने शिट्टीकडे गेला.

तेवढ्यात मला उज्वला दिसली. ती सगळ्यांच्या पुढे, कमरेइतक्या पाण्यात उभी होती आणि चपला तरंगत तिच्याकडेच चालल्या होत्या. खंडेरावांची एक सँडल तिच्या कोपराला लागून गेली. मग सरुबाईंची चप्पल गेली. मग तिच्या स्वतःच्या दोन्ही आल्या, एकीमागून एक, अगदी हाताशी.

"वहिनी, धरा! धरा!" सगळे ओरडत होते.

तिने दोन्ही हात पाण्यावर पसरले होते. चपला तिच्या बोटांमधून पुढे गेल्या आणि ती नुसती बघत राहिली. मी शिट्टी सोडून दिली आणि डबी सावलीत धरून बसलो.